ग्लास भरू का, आप्पा?

खारघर, ६ जानेवारी

चि. सौ. हेतल हिस,
अनेक आशीर्वाद.

फोन हाताशी असताना हा म्हातारा कागद घेऊन का बसला, असं तुला वाटेल. फोनवर मला ‘बरी आहेस ना’च्या पुढं काही सुचत नाही. कागद समोर आला की शाळेची घंटा झाल्यासारखं मन जागेवर येऊन बसतं. पत्र रणजीतच्या डब्याच्या पिशवीत ठेवतोय. द्रोणागिरीच्या गोदामातून सुटला की तो तुमच्याकडं येणारच आहे, तेव्हा देईल.

घर ठीक आहे. गॅलरीतली तुझी मिरची फुलावर आली. सकाळी समोरच्या टेकडीवर ऊन उतरताना मी तिथंच चहा घेतो. तुझी खुर्ची तशीच आहे, मी तिच्यावर बसत नाही.

डोहाळेजेवणाचे फोटो वैष्णवीनं पुण्याहून मागवले म्हणून काल सगळे पाहिले. हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घातलेली तू काय दिसतेस! तुझ्या सासूनं हा दिवस पाहायला हवा होता. शेवटच्या चार-पाच फोटोंत मात्र तू नाहीस. तोवर तू आईबरोबर निघाली होतीस. नववा लागल्यावर माहेरी जायचं ठरलं होतं, तू सातव्यातच गेलीस. ‘आप्पा, बरं वाटत नाय, आईकडं जाते,’ एवढंच म्हणालीस. गेलीस ते बरंच केलंस. पहिलं बाळंतपण, आईजवळ असावं. पण परत फोन नाही, म्हणून जरा काळजी.

विहीणबाईंनी माझं गाणं काय म्हटलं! मासळीबाजारात कमावलेला आवाज तो, सोसायटीचा हॉल भरून गेला. मी आयुष्यभर मसाला मार्केटात दिवाणजी होतो, हिशेबाच्या वह्यांबाहेर काही लिहिलं नाही, आणि माझ्या ओळी पन्नास बायकांपुढं कुणीतरी गातंय! थोडं उच्चारांचं राहिलं होतं, ते मी तिथल्या तिथं सांगितलं. त्यांनीही हसून घेतलं. मनाच्या मोठ्या आहेत.

आमच्या दिनानाथ गुरुजींची आठवण आली. साताऱ्याकडच्या डोंगरातली दोन खोल्यांची आमची शाळा. गुरुजी डोळे मिटून कविता म्हणायला लागले की बाहेर कावळासुद्धा गप्प बसायचा. ‘ण’ कसा वाजला पाहिजे? घागरीवर हातातलं कडं आपटावं तसा, म्हणायचे. पाठांतराचं बक्षीस मला मिळालं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात अजून जाणवतो.

त्या गाण्याचाच पुढं पाळणा केलाय, बारशासाठी. सोबत ठेवलाय. सुरुवात अशी:

अंगणात चांदण्याची झाली ग पखरण
बाळाच्या पायी वाजे पैंजणांची रुणझुण

आतापासून म्हणत जा. पोटातच ऐकायला येतं त्याला.

तुझा,
आप्पा


खारघर, १९ जानेवारी

चि. सौ. हेतल हिस,
आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. रणजीतला विचारलं, ‘पत्र दिलंस ना?’ तो म्हणाला, ‘दिलं.’ ‘काय म्हणाली?’ ‘काय नाय.’ एवढं बोलून अंघोळीला गेला. नळ सोडून किती वेळ आत नुसता उभा होता कोण जाणे.

मग मी बसून विचार केला, आणि मला आठवलं. डोहाळेजेवणाच्या त्या रविवारी तुझ्या काकूनं सुक्या बोंबलांचा डबा आणला होता. आमच्या गावाकडची माणसं बसलेली, म्हणून मी तो गॅलरीत ठेवायला सांगितला. माझं चुकलं. पाहुण्यानं आणलेली वस्तू दाराबाहेर ठेवतात का? तू ते मनाला लावून घेतलंस, आणि बरोबरच आहे.

काल मी रणजीतकडून बोंबील आणवले, स्वतः परतले आणि खाल्ले. घर कालपासून घमघमतंय. शेजारचे सिताराम नाकाला रुमाल लावून आले नि म्हणाले, ‘आप्पा, काय झालं? अहो, दार तरी उघडा.’ मी म्हटलं, ‘सुनेची समजूत घालतोय.’

रणजीत ताटावर बसला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, ‘आप्पा, बोंबील खाऊन काय होणार? तुम्हाला खरंच कळत नाय, का कळून न कळल्यासारखं करता?’

खरंच कळत नाही ग. तूच सांग.

तुझा,
आप्पा


खारघर, ३ फेब्रुवारी

चि. सौ. हेतल हिस,

रणजीतनं सांगितलं. मीच त्याला गॅलरीत गाठलं आणि सांगितल्याशिवाय आत जाऊ दिलं नाही.

‘त्या दिवशी तुम्ही तिच्या आईला थांबवलं,’ तो म्हणाला. ‘एकदा नाय, तीनदा. ‘अंगन नव्हे, अंगण. ण म्हणा, ण.’ सगळ्या बायका हसल्या. गंगूमावशी चौथ्यांदा म्हणायला गेल्या तर आवाजच फुटेना.’

मी म्हटलं, ‘अरे, शुद्ध बोलायला सांगणं हा काय गुन्हा झाला? गुरुजी आम्हाला–’

‘गुरुजी सोडा ना आता! आप्पा, हेतल मला नावानं हाक मारायची बंद झाली, तुमच्या लक्षात आलं का?’

आलं होतं. मला वाटलं होतं, लग्नाला वर्ष झालं, तू ‘अहो’ म्हणायला लागलीस. सितारामांना मी कौतुकानं सांगितलंसुद्धा, ‘सून वळणाची आहे.’

‘आमच्या खोलीत दार लावल्यावर ती मला रनजीत म्हणते,’ तो म्हणाला. ‘तुमच्यासमोर नाय म्हणत. तुम्ही दोनदा टोकलंत तिला.’

तो आत गेला. मी तिथंच बसून राहिलो, आणि मग तुझं या घरातलं बोलणं एकेक करून परत ऐकू यायला लागलं.

पहिल्या महिन्यात तू ‘पानी आनू?’ म्हणायचीस. नंतर ‘ग्लास भरू का, आप्पा?’

‘जेवान वाढते’ गेलं आणि ‘ताट घेऊ?’ आलं.

बेल वाजली की आधी तू हाक द्यायचीस, ‘कोन हाय?’ नंतर नुसतीच उठून दार उघडायचीस.

लोणच्याला ‘ती काचेची’ म्हणायचीस, कारण बरणीतही तोच अडसर. आणि एकदा तू मला बाजारातून ‘ते गोल, मसाल्यातलं’ आणायला सांगितलंस. मी हसलो होतो, म्हटलं, ‘दिवाणजीच्या सुनेला धणे माहीत नाहीत!’ तूही हसलीस. हेतल, तुला ते चांगलं माहीत होतं. तुला फक्त तो शब्द माझ्यासमोर उच्चारायचा नव्हता.

मला वाटायचं, ही किती शांत झाली, किती मोजकं बोलते. एक अख्खं अक्षर तू माझ्या घरात पायाखाली न येऊ देता वर्षभर चाललीस. आणि मी शेजाऱ्यांना वळण सांगत होतो.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

आप्पा


खारघर, २४ फेब्रुवारी

चि. सौ. हेतल हिस,
आशीर्वाद.

तीन आठवडे मनात घोळवत होतो, आज मार्ग सापडला. सकाळी चहा घेता घेता सुचलं आणि इतका आनंद झाला की चहा तसाच राहिला.

पाळणा परत लिहिलाय. तुझ्या बोलीत. बघ:

अंगनात चांदन्याची झाली ग पखरन
बाळाच्या पायी वाजे पैंजनांची रुनझुन

सगळ्या कडव्यांत जिथं जिथं ‘ण’ होता तिथं ‘न’ केलाय. एकही ठेवला नाही. खरं सांगतो, पहिल्यांदा लिहिताना हात अडत होता, गुरुजी पाठीमागं उभे आहेत असं वाटत होतं. पण लिहिला. चालीत सुरेख बसतो ग! उलट मऊच वाटतो. विहीणबाईंना म्हणावं, आता कुठंही न थांबता म्हणा. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन.

आता राग सोड. पुढचा महिना लागला की दिवस भरतील. बाळाला घेऊन इथं ये. तुमच्या खोलीत पाळण्यासाठी छताला हूक ठोकून घेतलाय. मिस्त्री म्हणाला, ‘आजोबा, हा हत्तीलापण धरेल.’

तुझा,
आप्पा


खारघर, ४ मार्च

चि. हेतल,

काल विहीणबाईंचा फोन आला. त्या काय बोलल्या ते तुला कदाचित माहीत नसेल, म्हणून जसंच्या तसं लिहितो.

‘आप्पा, मी गंगू. तुमचा गाना आला. हेतलचे भावानं, सूरजनं, मोठ्यांदी वाचला नि हसला. पोर नाय हसली. कागद दुमडून डब्याखाली ठेवला. आप्पा, आमी बोलतो तसा तुमी कशाला लिवला? आमची नक्कल करून आमालाच धाडली?’

मी म्हटलं, ‘नाही हो विहीणबाई, मी तर मान ठेवायला–’

‘ऐका जरा. माझी पोर कॉलेज शिकली. हापिसात बसते. तिला काय ण म्हनता येत नाय? हापिसात म्हनते की. पन घरात कोन जीभ सांभालत बसंल? घर हाय ना ता? चुकंल म्हनून तिनं शब्दच टाकले.’

 मग त्या आवाज उतरवून बोलल्या.

‘मना चार बायांत थांबवला त्याचा काय नाय. बाजारात दहा जनी बोलतात रोज, मी वीस ऐकवते. पन पोर पोटाशी बोलत होती, नि तुमी बोललात, बालाचे कानावर शुद्ध पडू दे. त्या दिवसापून ती पोटाशी बोललीच नाय तुमचे घरात. हतं, माझेकडं, आली तवा रात-दिस बोलाया लागली. ता नाय इसरत ती.’

गॅलरीतली ती तुझी खुर्ची. तू संध्याकाळी तिथं बसायचीस, पोटावर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी सांगत असायचीस. ऑफिसात काय झालं, खाली कुठली मांजर व्याली, रणजीत कसा घोरतो. मी एकदा चहा घेऊन आलो आणि ते वाक्य बोलून गेलो. तू मान हलवलीस. मला वाटलं, पटलं.

पत्रांत मी गुरुजींचं खूप लिहिलं. त्यातलं एक लिहिलं नाही. आमच्या घरात सगळे ‘पानी’च म्हणायचे. ‘कोन’, ‘जेवान’, ‘न्हाई’, ‘व्हय’. मीसुद्धा. गुरुजींनी ते छडीनं काढलं. बक्षीस मिळालं त्या दिवशी मी घरी येऊन आयला म्हणालो, ‘आई, मला पाणी दे.’ ती तांब्या हातात धरून उभीच राहिली. मग चुलीकडं तोंड करून म्हणाली, ‘माझं प्वार पावन्यावानी बोलाय लागलं.’ मी ते कौतुक समजलो. तिनं तांब्यातलं पाणी मला ग्लासात ओतून दिलं, पाहुण्यांना देतात तसं.

आज वाटतं, तिनं माझ्याशी त्यानंतर जरा जपूनच बोलायला सुरुवात केली होती. तुझ्यासारखीच.

दुसरं असं की रणजीतनं काल सांगितलं. सीवूड्सला, तुझ्या आईच्या घरापासून चालत जाता येईल अशी जागा भाड्यानं बघितलीय. म्हणाला, ‘आप्पा, बाळ लहान असेल तोवर. आई जवळ असली की हेतलला मदत होते. टेन्शन नका घेऊ, मी येत जाईन.’ चांगला मुलगा आहे. ‘तोवर’ म्हणताना माझ्याकडं बघत नव्हता.

छताच्या हुकाचं काय करायचं, ते विचारायचं राहिलं.

आप्पा


खारघर, २३ मार्च

चि. हेतल,

मुलगी झाली! फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होतो. ताट तसंच घेऊन शेजारी गेलो आणि सितारामांना सांगितलं.

दवाखान्यात आलो होतो. वर आलो नाही, खाली बाकावर बसलो. रणजीत म्हणाला, ‘चला ना.’ मी म्हटलं, पायऱ्या नकोत. लिफ्ट होती तिथं, हे त्यालाही दिसत होतं.

त्यानं फोनवर फोटो दाखवला. मुठी आवळलेल्या. कपाळ तुझ्या सासूचं, माझ्या वेणूचं आहे, असं मला वाटलं. कुणाला बोललो नाही.

काही लिहिलेलं नाही, काही पाठवत नाही. नीट झोप, नीट खा.

आप्पा


खारघर, ६ एप्रिल

चि. हेतल,

बारशाला बोलावलंस, हे आधी लिहितो.

येताना हात रिकामे होते, वैष्णवी गाडीत म्हणालीसुद्धा, ‘आप्पा, पाळणा लिहिला नाही? तुम्ही?’ मी म्हटलं, ‘तुझं आत्याचं काम तू कर. कानात नाव सांग आणि कुर्रर्र कर. माझं काम बसायचं.’

तुमच्या दारातल्या मांडवात कडेला बसलो होतो. खाडीवरून वारा येत होता, जाळ्यांचा नि मीठपाण्याचा वास. बायकांनी तुमच्या पद्धतीची गाणी म्हटली. अर्धे शब्द मला कळले नाहीत, आणि कळावेत म्हणून मी कुणाला विचारलं नाही. विहीणबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मध्ये कुणी थांबवत नाही म्हटल्यावर तो किती लांब जातो!

नाव ठेवलं मोनाली. गोड आहे. आत्यानं कानात सांगितलं आणि सगळ्यांनी एकदम म्हटलं, आणि माझ्या मनानं जुन्या सवयीनं अक्षरं तपासली. मो, ना, ली. त्या नावात कुणालाही अडवता येईल असं काही नाही. तुझ्या आईला नाही, तुला नाही, पुढं तिला स्वतःला नाही. मी डोहाळेजेवणाच्याही आधी ‘वीणा’ सुचवलं होतं. तू तेव्हा म्हणाली होतीस, ‘बघू, आप्पा.’ नाव नीट पारखून ठेवलंस पोरी. कशापासून तिला सांभाळायचं, ते तुला ठाऊक होतं. तेवढं मात्र आत कुठंतरी रुतून बसलंय. राहू दे.

मग तू बाळाला कुणाकडं तरी देऊन माझ्याजवळ आलीस. वाकून नमस्कार केलास. आणि विचारलंस,

‘ग्लास भरू का, आप्पा?’

तुमच्या दारात, तुमच्या माणसांत, तुझ्या आईच्या मांडवात. माझ्यासमोर आल्याबरोबर ‘पानी’ हा शब्द पुन्हा तुझ्या बोलण्यातून गळाला. तुझ्या लक्षातही आलं नसेल.

मी काही ठरवून आलो नव्हतो, शपथेवर सांगतो. तोंडातून आलं ते असं आलं:

‘व्हय, भर पोरी. लई तान लागलीया. पर ग्लास नगं, तांब्याच आन पान्याचा.’

तू डोळे बारीक केलेस. तुझ्या चेहऱ्यावर मला ते दुमडलेलं पत्र दिसलं. पुन्हा नक्कल करतोय की काय हा म्हातारा? मागं उभा असलेला सूरज हसण्याच्या बेतात होता.

‘ही बोली तुमची नव्हं,’ मी म्हटलं. ‘माझ्या आयची हाय. मी बी आसंच बोलायचो. मग शाळंत ग्येलो.’

 तू माझ्याकडं निरखून पाहिलंस. मग मान वळवून घराकडं तोंड केलंस आणि आख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशी हाक दिलीस,

‘आये! आप्पांना पानी आन गो! तांब्या भरून!’

मी ते पाणी पिताना मान वर केली नाही. विहीणबाई म्हणाल्या, ‘आप्पा, हळू, ठसका लागंल.’ लागलाच. पण डोळ्यांतून आलं ते सगळंच काही ठसक्याचं नव्हतं.

पुढच्या महिन्यात तुम्ही सीवूड्सला जाल. जा. थांब म्हणणार नाही. एका हाकेनं वर्षभराचं भरून येत नाही, एवढं मला कळतं. तिथं दार न लावता रणजीतला नावानं हाक मार. मोनालीशी दिवसभर बोल. तिला झोपवताना तू काय गातेस ते मला ऐकव, असंही म्हणणार नाही. मी आलो तर बाहेरच्या खोलीत बसेन. भिंतीतून येईल तेवढं येईल.

हे पत्र संपवताना एक करून बघतो. आयच्या बोलीत आजवर कधी पत्र लिहिलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, आणि मला त्यातलं शुद्धलेखन कुणी शिकवलं नाही. चुकलं तर हसा.

पोरीला जप. सवड व्हईल तवा तिला कडंवर घिऊन ये. हूक तसाच हाय, काढला न्हाई. न्हाई जमलं यायला, तर मी यीन. दारात हुबा ऱ्हाईन अन् पानी मागीन. तेवढं दे.

तुजा,
आप्पा